बायो, ते बटण तसंच राहू दे

बायो, गाडीचा फोटो पाहिला. हार, कुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली लिंबं, सगळं जागच्या जागी. ग्रँड विटारा, तीही ऑल व्हील ड्राइव्हची. मला मनापासून आनंद झाला. पण फोटोखाली तू जे विचारलंस त्याचं उत्तर दोन ओळींत उरकण्यासारखं नाही, म्हणून निवांत बसून सांगते. 'ताई, घसरणाऱ्या गाडीचं चित्र असलेलं ते बटण कधी लावायचं? पावसात, की घाटात? इथे सगळे म्हणतायत की चारही चाकं ओढतात तर त्याची गरजच नाही. उलट बंद ठेवलं तर गाडी मोकळी पळते.'

पहिली गोष्ट, ते लावायचं नसतं गो. गाडी सुरू केलीस की ते लागलेलंच असतं. ते बटण आहे ते बंद करण्यासाठी, आणि बंद करण्याची वेळ क्वचित येते. ती कुठली ते मी पुढे सांगणार आहे. बाकी सगळ्या वेळी, म्हणजे ऊन असो, पाऊस असो, हातखंब्यापर्यंत जायचं असो की कोल्हापूरला, त्या बटणाला हात लावू नकोस. आणि 'मोकळी पळते' म्हणणाऱ्यांचं तर मुळीच ऐकू नकोस. त्यातल्या कुणाला तुझ्या शेजारी बसून आंबा घाट उतरायचा नाहीये.

चार चाकांची ओढ आणि त्या बटणामागचं स्टॅबिलिटी कंट्रोल यांची लोक फार गल्लत करतात. ऑल व्हील ड्राइव्ह गाडीला पुढे ढकलतं. ओल्या चढावर, बागेच्या कच्च्या रस्त्यावर, चाक जागच्या जागी गरगरायला लागलं की इंजिनची ताकद इतर चाकांकडे वळते आणि गाडी निघते. त्याचं काम तिथेच संपतं. गाडी थांबवायला ते काही करत नाही. ब्रेक तर जुन्या मारुती आठशेलाही चारही चाकांना होते! त्या बाबतीत तुझी गाडी आणि शेजारच्यांची साधी गाडी अगदी बरोबरीत. वळणावर गाडीला रस्त्यावर धरून ठेवणं हेही टायरचं काम. रस्त्याला टेकलेला टायरचा भाग जेमतेम तळहाताएवढा असतो, आणि इंजिन किती चाकांना जोडलंय म्हणून तो वाढत नाही.

शिवाय तुझ्या गाडीत चारही चाकं सतत ओढत असतात असंही नाही. ही ओढ निवडायचा गोल खटका 'ऑटो'वर असतो तेव्हा इंधन वाचवण्यासाठी ती एरवी पुढच्या दोन चाकांवर चालते आणि पुढची चाकं घसरायला लागली की मागच्यांना कामाला लावते. 'स्पोर्ट'मध्ये मागच्या चाकांना जास्त मोकळ्या हाताने ताकद मिळते. 'स्नो'मध्ये चारही चाकं मुळातच जोडलेली राहतात आणि ॲक्सिलरेटर सौम्य होतो. आपल्याकडे बर्फ कुठला, पण ओल्या जांभ्यावरच्या लाल चिखलाला हाच खटका लागू पडतो, हे लक्षात ठेव. 'लॉक' फक्त रुतलेली गाडी बाहेर काढायला.

आता मला ज्याची खरी काळजी वाटते ते सांगते. पुढच्या चाकांवर चालणारी साधी गाडी ओल्या रस्त्यावर जरा जोरात काढली की चाक फिरतं, स्टिअरिंग हातात थरथरतं. रस्ता निसरडा आहे हे गाडी तुला सांगते. तुझी नवी गाडी ते सांगणार नाही. ती शांतपणे पकडून निघेल, चढ सहज चढेल, आणि तुला वाटेल की रस्ता ठीकच आहे. मग वळण येईल, उतार येईल, समोर कुणीतरी थांबलेलं असेल. तेव्हा कळेल की वेग मिळवताना चार चाकांनी मदत केली, तो वेग उतरवताना मात्र ओला रस्ता आणि चार टायर एवढंच हाताशी आहे. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारं अंतर चौपट होतं. ताशी तीसवर ब्रेक मारलास तर जेवढ्यात गाडी थांबेल, त्याच्या चौपट अंतर साठवर लागेल. ओल्यात तर त्याहूनही जास्त. म्हणून मी म्हणते, ज्याची गाडी चारही चाकांनी ओढते त्याला स्टॅबिलिटी कंट्रोलची गरज कमी नसते, उलट थोडी जास्तच असते.

ते काम कसं करतं हे समजलं की बंद करावंसं वाटणारच नाही. मारुतीवाले त्याला ईएसपी म्हणतात, इतर कोणी ईएससी, गोष्ट एकच. प्रत्येक चाक किती वेगाने फिरतंय ते मोजणारा सेन्सर त्या चाकापाशी असतो. स्टिअरिंग किती वळवलंय ते एक सेन्सर सांगतो. आणि गाडी प्रत्यक्षात किती फिरते आहे, आडवी किती सरकते आहे, ते आणखी एक जोडी सांगते. थोडक्यात, तुला कुठे जायचंय आणि गाडी कुठे चालली आहे, याचा ताळा सेकंदात कितीतरी वेळा घेतला जातो. तो जुळला नाही की यंत्रणा मध्ये पडते.

आंबा गावाकडून साखरप्याकडे उतरतेस असं समज. वळण आलं, तू स्टिअरिंग वळवलंस, पण रस्ता ओला आहे आणि गाडीचं नाक वळायला तयार नाही, सरळ कठड्याकडे चाललंय. अशा वेळी यंत्रणा आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला तेवढा ब्रेक लावते आणि इंजिनची ताकद कमी करते. नाक आत ओढलं जातं. उलट, गाडीची शेपटी बाहेर फिरायला लागली तर बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला ब्रेक लागतो आणि शेपटी पुन्हा मागे येते. बायो, तुझ्या पायाखाली ब्रेकचं पॅडल एकच आहे. चारांपैकी नेमक्या एका चाकाला ब्रेक लावणं कितीही मुरलेल्या ड्रायव्हरला शक्य नाही. 'मला चालवता येते, मला नको ते' असं कुणी म्हटलं की मला हे आठवतं आणि राग येतो. हातातलं कसब कितीही असो, या कामाला हात पुरतच नाहीत.

बॉश आणि मर्सिडीज-बेंझ यांनी १९९५ मध्ये हे पहिल्यांदा एस-क्लास या महागड्या गाडीत आणलं. तेव्हा ती श्रीमंतांची चैन होती. दोन वर्षांनी, १९९७ मध्ये, स्वीडनमधल्या एका मोटार नियतकालिकाने मर्सिडीजच्या नव्या छोट्या ए-क्लासची चाचणी घेतली. तिकडे रस्त्यावर मूस नावाचं घोड्याएवढं हरीण अचानक आडवं येतं. त्याला चुकवायला गाडी झटकन दुसऱ्या बाजूला घ्यायची आणि समोरून येणाऱ्याला आपटू नये म्हणून लगेच परत आपल्या बाजूला आणायची, अशी ती चाचणी. त्यात गाडी उलटली. कंपनीने त्यानंतर त्या छोट्या गाडीतही ही यंत्रणा सरसकट बसवली. चैनीची वस्तू सामान्यांच्या गाडीत यायला त्या एका उलटण्याने मोठा हातभार लावला.

मूस म्हणजे आपली म्हैस समज. पावसाळ्यात रात्री पालीच्या पुढे, नाणीजच्या आसपास, गुरं डांबरावर येऊन बसतात, कारण बाकी सगळीकडे चिखल असतो. काळी म्हैस, काळा रस्ता, वर पाऊस. दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. तू स्टिअरिंग फिरवणार, समोर ट्रकचे दिवे दिसणार, तू परत फिरवणार. ते दुसऱ्यांदा फिरवणं फार वाईट. उंच गाडीचं वजन एका बाजूला झुकलेलं असतं आणि आपण तिला उलट्या बाजूला ओढतो. घसरली नाही तर आडवी व्हायची. स्टॅबिलिटी कंट्रोलची खरी परीक्षा घाटातल्या वळणापेक्षा इथे लागते, आणि असा प्रसंग अगदी सरळ, कोरड्या, रुंद रस्त्यावरही येतो. म्हणून 'पाऊस नाही, आज बंद ठेवते' हा विचारही मनात आणू नकोस. अमेरिकेतल्या अपघातांचा अभ्यास झाला तेव्हा एकट्या गाडीचे जीवघेणे अपघात या यंत्रणेमुळे जवळजवळ निम्म्याने कमी होतात असं दिसलं. गाडी उलटून होणारे तर त्याहूनही जास्त कमी झाले, आणि तुझ्यासारख्या उंच गाड्यांना त्याचा फार फायदा झाला. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही गाड्यांच्या सुरक्षिततेची चाचणी सुरू झाली, त्यात तीन किंवा जास्त तारे हवे असतील तर ही यंत्रणा गाडीत असावीच लागते.

म्हैस दिसली की ब्रेकचं काय करायचं, तेही आत्ताच सांगून टाकते. बाबांनी आपल्याला शिकवलं होतं की ओल्यात ब्रेक दाबून सोडायचा, परत दाबायचा. त्या काळच्या गाडीला ते बरोबर होतं. आता एबीएस आहे, ते काम यंत्रणा स्वतः करते. तू पॅडल पूर्ण ताकदीने दाबायचं आणि दाबून धरायचं. पायाखाली खडखड, थरथर होईल. काहीतरी मोडलं असं वाटून बहुतेक जण नेमका तेव्हाच पाय उचलतात. उचलू नकोस. आणि नजर म्हशीवर न ठेवता ज्या मोकळ्या जागेतून जायचंय तिथे ठेव, हात नजरेमागे जातात. पहिल्या पावसानंतर एखाद्या रविवारी सकाळी कातळावरच्या मोकळ्या मैदानात, आसपास कुणी नाही हे बघून, ताशी तीसवर एकदा असा ब्रेक दाबून बघ. ती थरथर पायाला ओळखीची झाली पाहिजे. खऱ्या प्रसंगात ती पहिल्यांदा जाणवू नये एवढंच.

चालवताना समोर तेच चित्र, गाडीमागे दोन नागमोडी रेघा, पिवळ्या रंगात लुकलुकलं तर समज की यंत्रणा आत्ता, या क्षणी तुला सांभाळते आहे. घाबरायचं नाही, पण ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका करायचा. आपण जेवढं जायला हवं त्याहून जोरात चाललोय, असा त्याचा अर्थ. एकाच उतारावर ते पुन्हा पुन्हा लुकलुकत असेल तर वेग बराच उतरव. तेच चित्र स्थिर पेटून राहिलं तर प्रकार वेगळा, म्हणजे बिघाड आहे. चित्राबरोबर 'ऑफ' अशी अक्षरं दिसत असतील तर कुणीतरी ते बंद केलंय. बिघाड असतानाही साधा ब्रेक लागतो, पण सांभाळणारं कुणी नाही असं धरून हळू चालव आणि वर्कशॉपला दाखव. आपल्याकडे कधी कधी कारण अगदी साधं असतं, चाकाच्या आत लाल चिखल वाळून सेन्सरपाशी घट्ट बसलेला असतो. बागेतून आलीस की नळीच्या पाण्याने चाकं आतून धुवायची सवय लाव. आणि पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली आसरा घेतात, वायर कुरतडतात, तेही एकदा बघत जा.

आता बंद करण्याची ती वेळ. बागेच्या उतारावर, आंब्याच्या पेट्या भरायला गेलीस आणि अवकाळी पाऊस येऊन गेला, गाडी चिखलात रुतली. अशा जागी चाक गरगरलं की यंत्रणा इंजिनची ताकद काढून घेते. डांबरावर हे उपकारक. चिखलात मात्र थोडं गरगरल्याशिवाय चाकाला खालची घट्ट जमीन सापडत नाही. तू ॲक्सिलरेटर दाबतेस आणि इंजिन गुदमरतं, गाडी जागची हलत नाही. पण लगेच बटणाकडे जाऊ नकोस. आधी खाली उतर. चाकांपुढचा चिखल फावड्याने काढ, खाली झावळ्या नाहीतर जांभ्याच्या चिऱ्याचे तुकडे घाल, स्टिअरिंग सरळ कर. खटका 'लॉक'वर. या स्थितीत मागच्या चाकांनाही सतत ताकद जाते, आणि जे चाक रिकामं फिरतं त्याला यंत्रणा ब्रेक लावून ताकद पलीकडच्या चाकाला देते. बहुतेक वेळा एवढ्याने गाडी निघते, बटण न दाबता. नाहीच निघाली, इंजिन गुदमरतच राहिलं, तर मग बटण दाब, 'ऑफ' दिसलं की हलक्या पायाने पुढे, मागे, पुढे अशी झुलवत काढ. एकसारखी चाकं फिरवत बसू नकोस. गाडी खोल जाते आणि मागच्या चाकांना ताकद देणारी जोडणी तापते. आणि मागून ढकलायला उभ्या राहिलेल्या माणसांना बाजूला कर गो, चाकाखालचा चिरा गोफणीसारखा उडतो.

गाडी निघाली की घट्ट जमिनीवर थांब. बटण पुन्हा दाब, 'ऑफ' गेलं ते डोळ्यांनी बघ, खटका 'ऑटो'वर आण, आणि मगच डांबरावर चढ. गाडी बंद करून पुन्हा सुरू केलीस तरी ते आपोआप परत लागतं, पण त्या भरवशावर राहू नकोस. रुतलेली गाडी निघाल्याच्या आनंदात माणसं तशीच घरापर्यंत जातात. काही गाड्यांत बटण थोडा वेळ दाबलं तर एक आणि जास्त वेळ दाबून धरलं तर दुसरंच बंद होतं, म्हणून तुझ्या गाडीच्या पुस्तकातलं तेवढं पान नीट वाच.

वाळूचंही शास्त्र हेच, पण वाळूत जायचंच कशाला? पाहुणे आले की आरे-वारेला, गणपतीपुळ्याला 'ऑल व्हील आहे ना, घाल खाली' असा आग्रह होणार, हे मला आत्ताच दिसतंय. सरळ नाही म्हण. भरती कुणासाठी थांबत नाही. दापोलीकडच्या किनाऱ्यांवर पर्यटकांच्या गाड्या अशाच रुतून पाण्यात जातात, त्यात चांगल्या दणकट फोर बाय फोरही असतात. खारं पाणी एकदा सेन्सरच्या जोडण्यांत शिरलं की ज्या यंत्रणेबद्दल मी एवढं सांगतेय तीच आतून गंजायला लागते. आणि आपल्या किनाऱ्यांवर थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, वाळूखालचं घरटं गाडीत बसलेल्या माणसाला दिसत नाही. माझ्या मते समुद्रावर गाडी नेणं हा कोकणातल्या माणसाने तरी करू नये असा प्रकार आहे.

दादाच्या थारवरून तुझ्या गाडीचे आडाखे बांधू नकोस. त्याच्या गाडीला फोर बाय फोर हाताने जोडावं लागतं, आणि कोरड्या डांबरावर ते जोडून वळणं घेतली तर पुढची-मागची चाकं एकमेकांशी झगडतात. तुझी तशी नाही. तो सांगेल ते त्याच्या गाडीपुरतं खरं.

काही गोष्टी मात्र स्टॅबिलिटी कंट्रोलच्याही हाताबाहेरच्या आहेत. मिरगाचा पहिला पाऊस पडतो तेव्हा उन्हाळाभराचं तेल, धूळ, रबर वर येऊन रस्ता साबणासारखा होतो. श्रावणात झाडांच्या सावलीतल्या गावरस्त्यांवर शेवाळ धरतं. तिथे टायरला धरायला काही नसेल तर ब्रेक कुठल्या चाकाला लावायचा हे कळूनही उपयोग नाही. मुंबई-गोवा महामार्गावर पाणी साचलेल्या पट्ट्यात वेगाने गेलीस तर टायर पाण्यावर तरंगतो, स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. तेव्हा पाय हळूच वर घ्यायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, गचकन ब्रेक नाही. पावसात क्रूझ कंट्रोल लावायचाच नाही. आणि घाटातल्या धुक्यात यंत्रणेला काही दिसत नाही, तुलाच बघायचंय. घाट उतरताना गिअर खालचा ठेव, सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरू नकोस. ही यंत्रणा गाडी सावरते तीही त्याच ब्रेकांनी. ते आधीच तापून मऊ झालेले असतील तर ऐन वेळी ती तरी काय लावणार?

राहिले टायर, आणि इथे तुला दुकानदाराशी थोडं भांडावं लागेल. तो म्हणेल, 'मॅडम, दोनच गेलेत, दोनच बदलू, तेही दुसऱ्या कंपनीचे स्वस्तात देतो.' तुझ्या गाडीला ते चालत नाही. नवा आणि झिजलेला टायर यांच्या घेरात फरक असतो, त्यामुळे चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरतात. ताळा घेणाऱ्या यंत्रणेला चुकीचे आकडे जातात आणि मागची जोडणी विनाकारण घासत राहते. चारही एकाच मापाचे, एकाच प्रकारचे, झीज साधारण सारखी. त्यासाठी पुस्तकात सांगितलेल्या अंतराला त्यांची अदलाबदल करत जा. कायद्याने खाच १.६ मिलिमीटरपर्यंत चालते, पण रत्नागिरीच्या पावसात तेवढ्यावर थांबू नकोस, जूनच्या आधी खाचा चांगल्या खोल हव्यात. स्टेपनी बारीक असेल तर ती जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत जाण्यापुरतीच, आणि तिच्यावर लिहिलेल्या वेगाच्या आतच. गाडी कधी बंद पडली तर पुढची दोन चाकं उचलून ओढून नेऊ देऊ नकोस, पूर्ण गाडी वर चढवणारी क्रेन मागव. विम्याच्या मदतवाल्यांना फोन करतानाच 'ऑल व्हील ड्राइव्ह आहे' हे आधी सांग, नाहीतर ते नेहमीची गाडी पाठवतात.

कोल्हापूरला निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी, गाडी थंड असताना, पाचही टायरची हवा बघून घे. दाराच्या चौकटीवर आकडे चिकटवलेले असतात, माणसं आणि सामान भरलेलं असेल तेव्हाचे वेगळे. आणि पुस्तकातलं ते बटणाचं पान वाचून झालं की मला फोन कर, तुझं बटण थोडा वेळ दाबायचं की धरून ठेवायचं ते मलाही कळू दे.